लार्गो म्हणजे मिनिटाला चाळीस ठोके? कुणी सांगितलं?

पियानो शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पाश्चात्त्य संगीतात लय सांगणाऱ्या इटालियन शब्दांचा एक तक्ता फिरत असतो, प्रत्येक शब्दापुढे मिनिटाला किती ठोके तो आकडा: ‘लार्गिस्सिमो २४च्या खाली, ग्राव्हे २५ ते ४५, लार्गो ४० ते ६०, अदाज्यो ६६ ते ७६, आंदान्ते ७६ ते १०८. शब्द पाठ करा, मेट्रोनोम लावा, लय चुकणार नाही.’

चुकेल.

मेट्रोनोमचं, म्हणजे ठरवलेल्या वेगानं टिकटिक करणाऱ्या यंत्राचं, पेटंट मेल्त्सेल नावाच्या माणसानं घेतलं १८१५ साली. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं हे शब्द स्वरलिपीवर छापले जात होते, तेव्हा त्यांच्यामागे ६६ वगैरे काही नव्हतं. आकडे आले ते मेट्रोनोमवरच्या पट्टीतून. जुन्या लाकडी मेट्रोनोमचं वजन दांडीच्या पार टोकाला सरकवा, खूण मिळेल ४०ची. लार्गो ४०ला सुरू होतो तो, माझ्या मते, पट्टीच तिथं सुरू होते म्हणून. २४ तर तिच्यावर नाहीच.

‘लार्गो नेहमीच अदाज्योहून संथ’ हेही खरं नाही. इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेलनं १६८३च्या आपल्या सोनाटांच्या प्रस्तावनेत अदाज्यो आणि ग्राव्हे अतिसंथ सांगितले, आणि लार्गो चक्क मध्यम! मुळात लार्गो म्हणजे ऐसपैस, ग्राव्हे म्हणजे जड, गंभीर, अदाज्यो म्हणजे निवांत. सरळ ‘संथ’ म्हणणारा शब्द लेंतो. ‘हँडेलचा लार्गो’ म्हणून जगभर वाजते ती सुरावट त्याच्या १७३८च्या ‘सेर्से’ ऑपेरातली, आणि तिच्यावर लिहिलंय लार्गेत्तो, म्हणजे ‘छोटा लार्गो’.

तक्त्याची खरी गोची वेगळीच आहे: ठोका कशाला द्यायचा, हे तो सांगतच नाही. बीथोव्हनच्या ‘हामरक्लाव्हीर’ सोनाटाचा तिसरा भाग घ्या. वर शब्द अदाज्यो सोस्तेनुतो, आणि आकडा खुद्द बीथोव्हनचा: मिनिटाला ९२ क्वेव्हर (पूर्ण स्वराचा आठवा भाग म्हणजे क्वेव्हर). तक्त्यात ९२ शोधलं की निघतं आंदान्ते. पण हा भाग सहा-आठचा, म्हणजे एका मापात सहा क्वेव्हर, आणि तीन क्वेव्हर मिळून एक ठोका. तसं मोजलं तर मिनिटाला जेमतेम ३१ ठोके, म्हणजे तक्त्याप्रमाणे ग्राव्हे. वाजवणाऱ्यानं वेग तसूभर बदललेला नाही, तरी तक्त्यात दोन नावं निघाली आणि बीथोव्हननं लिहिलेलं त्यांत नाहीच. (अतिविलंबितात एकेका मात्रेच्या पोटात चार-चार मोजणाऱ्या आपल्या तबलजींना हे समजावायला नको.)

तक्ता भिंतीवर राहू द्या हवं तर. स्वरलिपी उघडल्यावर मात्र आधी ठोका कशाला ते बघा.