स्वर्गाच्या दारात टोकन नंबर १४७

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीला गेट नाही. म्हणजे दोन खांब आहेत, त्यांच्यामध्ये गेट नाही. बिल्डर खांब उभे करून जो गेला तो गेलाच. गेली चार वर्षं मी सेक्रेटरी या नात्याने वार्षिक सभेत 'प्रवेशद्वार' हा विषय घेतो, आणि दरवर्षी तो चहा येईपर्यंत टिकतो. त्यामुळे बालीत उतरल्यावर रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा ते दार दिसलं, दोन्हीकडे उंच बांधकाम आणि मधे नुसती हवा, तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

"इथेही बिल्डर पळाला," मी बायकोला म्हटलं.

पुढच्या पाच मिनिटांत तसली सात दारं दिसली. देवळाला, हॉटेलला, सरकारी कचेरीला, एका पेट्रोल पंपालासुद्धा. एवढे बिल्डर एकाच वेळी पळत नाहीत, हे सेक्रेटरीलाही कळतं. नीट बघितलं तर मामला वेगळाच. एखाद्या देवळाचा पायऱ्यापायऱ्यांचा कळस घ्यावा, वरपासून खालपर्यंत सुरीने बरोबर मधोमध कापावा आणि दोन्ही अर्धी बाजूला सरकवावीत, तसं ते दार. बाहेरच्या अंगाला नक्षीच नक्षी, आणि आतल्या, कापलेल्या अंगाला काहीच नाही. बर्फी कापल्यावर कड दिसते तशी सपाट, गुळगुळीत भिंत.

"भावकीतली वाटणी दिसतेय," मावशी म्हणाल्या. या बायकोच्या मावशी, मूळच्या सावंतवाडीच्या. वय चौऱ्याहत्तर, आणि वाटण्यांचा अनुभव दांडगा.

आमच्या ड्रायव्हरला त्यांनी पहिल्याच मिनिटाला 'दादा' करून टाकलं होतं, ते बरंच झालं. बालीत सर्रास पहिलं अपत्य वायन, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायन. भर बाजारात 'वायन' अशी हाक मारली तर किती जण गाडीत येऊन बसतील याचा नेम नाही. तर दादाने सांगितलं की या दाराला चंडी बेंतार म्हणतात, आणि मावशी फारशा चुकल्या नाहीत. एका कथेप्रमाणे पशुपतीने, म्हणजे आपल्या शंकरानेच, महामेरू पर्वताचे दोन तुकडे करून बालीत आणून ठेवले. एक झाला आगुंग, दुसरा बातुर. हे दार म्हणजे तो दुभंगलेला डोंगर. शिवाय उजवं-डावं, उजेड-अंधार, चांगलं-वाईट ही जोडी कायमचीच, एकाने दुसऱ्याला संपवायचं नसतं, हाही अर्थ त्यात आहे. तिथे त्याला र्‍वा भिनेदा म्हणतात. दारापुढच्या राक्षसांच्या कमरेला काळ्यापांढऱ्या चौकटींचं कापड असतं, तेही त्याचंच. मी इतका वेळ त्याला खानावळीतलं टेबलक्लॉथ समजत होतो.

"आणि वाईट मनाचा कोणी आत शिरायला लागला," दादा म्हणाला, "तर दोन्ही अर्धी जवळ येऊन त्याला चिरडतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी प्रत्येक दारातून जरा लगबगीने गेलो.

खरं संकट दुसऱ्या दिवशी होतं. पूर्व बालीत डोंगरावर एक देऊळ आहे, ज्याच्या चंडी बेंतारमधून थेट आगुंग दिसतो. नाव सांगत नाही, फोटो दाखवला तर तुम्हीच सांगाल. जो बालीला जाऊन येतो त्याच्या डीपीवर तो असतोच: दुभंगलेलं दार, मधे तीन हजार मीटरचा ज्वालामुखी, आणि खाली नितळ तळ्यात सगळ्याचं उलटं प्रतिबिंब. लोक त्याला स्वर्गाचं दार म्हणतात. बायकोच्या भिशीतल्या दोघींचा झाला होता. आणखी काही सांगायला नको.

रात्री अडीचला उबुदहून निघालो. पाचच्या सुमाराला पोचलो तर स्वर्गाच्या दारात टोकन नंबर १४७. मला क्षणभर बँकेत आल्यासारखं वाटलं.

आत जायचं तर सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं कापड, सक्तीचं. मावशींच्या साडीला कमरपट्ट्यापलीकडे कशाचीच गरज पडली नाही. माझं सारोंग मात्र दर दहा पावलांना खाली उतरत होतं. एका हाताने ते धरून, दुसऱ्या हाताने टोकन धरून मी चढत होतो. शेवटी मावशींनी मला एका खांबाआड नेलं, सोवळ्याची मारतात तशी घट्ट गाठ मारली आणि म्हणाल्या, "जावईबापू, आता श्वास बेताने घ्या." चार तास मी बेतानेच घेतला.

चार तास. लाउडस्पीकरवर नंबर पुकारत होते. एकेक जोडपं दाराच्या फटीत जाऊन उभं राहायचं, हात वर करायचं, एकमेकांकडे बघायचं, उडी मारायचं, आणि 'नेक्स्ट' झालं की मुकाट निघून यायचं. उडी सगळ्यांना लागू होती. एक जपानी आजोबा उडी मारताना मी पाहिले आणि मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली.

मावशी या वेळात देऊळ बघत होत्या. एकट्या त्याच. आम्ही बाकीचे सगळे आगुंगकडे तोंड करून बसलो होतो, आणि देऊळ आमच्या पाठीशी होतं. तिकडे तीन जिने वर चढत होते, कठड्यांवर लांबच लांब नाग, आणि माथ्यावर छपराची तीन उंच दारं. वर फक्त पूजेला आलेली माणसं जातात.

"हे खरं दार," दादा मावशींना सांगत होता, आणि मी मान वळवून ऐकत होतो. दुभंगलेलं दार बाहेरच्या अंगणाचं. आतल्या, सर्वांत पवित्र अंगणाचं दार ते छपराचं, कोरी आगुंग. आपल्याकडे ओटी, माजघर आणि मग देवघर, तसा प्रकार. दोन्ही घराणी जुनी, पूर्व जावातल्या मजपाहित राज्याच्या काळातली. तिकडे त्रोवुलानला विटांचं दुभंगलेलं दार अजून उभं आहे, आणि छपराचंसुद्धा. बहुतेक देवळांत कोरी आगुंगचा मधला दरवाजा सणासुदीलाच उघडतो. तो मुद्दाम अरुंद ठेवतात, घोळक्याने आत घुसता येऊ नये म्हणून. आणि तसल्या दारांच्या माथ्यावर बटबटीत डोळ्यांचा, सुळे बाहेर आलेला एक चेहरा असतो.

"तो भोम," दादा म्हणाला. "विष्णू आणि धरणीमातेचा मुलगा. कृष्णाने मारला."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगो बाई, भौमासुर! म्हणजे आपला नरकासुर! मी साठ वर्षं दर दिवाळीला तुळशीपाशी डाव्या पायाने कारीट फोडतेय याच्या नावाने!"

दादाला हे समजावायला बराच वेळ गेला. पहाटे अंघोळीनंतर म्हाताऱ्या बायका एक कडू फळ पायाखाली चिरडतात, ते फळ म्हणजे भोम, हे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "आम्ही त्याला राखणीला ठेवलंय."

"हुशार आहात," मावशी म्हणाल्या. "आम्हाला दरवर्षी नवा मारावा लागतो."

मला एव्हाना दारांचा नादच लागला होता. मी दादाला विचारलं की घरांच्या दारांचं माप कसं घेतात. म्हणाला, मालकाच्या अंगावरून. हस्त, मुष्टी, दोन्ही हात पसरले की होते ती देपा. जुन्या नियमांना अस्त कोसला कोसली म्हणतात, आणि ते जाणणाऱ्या गवंड्याला उंदागी. मी मनातल्या मनात आमच्या कमिटीची मापं घेतली. चेअरमनच्या अंगावरून दार केलं तर पाण्याचा टँकर आरामात आत येईल. खजिनदाराच्या अंगावरून केलं तर स्कूटीसुद्धा अडकेल, आणि त्यांना तेच हवंय. घराच्या दारामागे तिथे एक आडवी भिंतही असते, आलिंग-आलिंग. भुताखेतांना म्हणे वळता येत नाही, ती सरळच चालतात. हा उपाय मात्र डोंबिवलीत चालायचा नाही. आमच्याकडे उपद्रव देणारे सगळे रिक्षाने येतात, आणि रिक्षा कुठेही वळते.

"वन फोर सेव्हन!"

मी गाठ चाचपली. बायकोने केस सारखे केले. त्याच क्षणी आगुंगवर ढग आला. उगाच एक पुंजका नाही, पांढरीशुभ्र गोधडी. डोंगर गायब. दारामागे नुसती चुन्याची भिंत. बायकोच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"तळं कुठाय?" मावशींनी विचारलं. "जरा पाय धुवून घेते."

तळं नव्हतंच. खाली फरसबंदी, खडखडीत कोरडी. फोटोवाल्या मुलाने आमचा मोबाइल घेतला, खिशातून तळहाताएवढा आरसा काढला, मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली आडवा धरला, आणि झालं तळं. जगभरातल्या डीपींवरचं ते नितळ पाणी त्या मुलाच्या खिशात राहत होतं. बायको काही बोलली नाही. भिशीतल्या दोघींनीही कधी काही बोललं नव्हतं, हे तिच्या लक्षात येत असावं.

आम्ही फटीत जाऊन उभे राहिलो. हात वर केले. एकमेकांकडे पाहिलं. "जंप!" मी सारोंगकडे बोट दाखवलं, त्याने माफ केलं. मावशींचं मात्र कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. दारात उभं राहिल्यावर समोर, फोटोवाल्याच्या डोक्यावरून, ते तीन जिने आणि ती तीन दारं दिसत होती. चार तासांत आमची तोंडं पहिल्यांदा देवळाकडे झाली होती. त्यांनी चप्पल काढली, पदर सावरला आणि हात जोडले.

"नाइस पोझ, ग्रँडमा!" मुलगा ओरडला. "नेक्स्ट!"

फोटो त्याच दुपारी घरच्या ग्रुपवर टाकला. मागे डोंगर नाही, खाली झकास तळं, मधे दोन गोंधळलेली माणसं आणि हात जोडलेल्या मावशी. सावंतवाडीहून पहिला प्रश्न आला: तळं खोल आहे का गं?

मावशींनी चष्मा लावला, एका बोटाने टाइप केलं: पाय भिजले नाहीत.