प्लग गोल केला तं केला, लपवला कायले?

गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल भरायच्या एका प्लगपायी माझे तीन दिवस गेले. तेही ऐन वेचणीत. वावरात कापूस फुटून लोंबतोय, बाबांची यवतमाळच्या डॉक्टरकडची तारीख हुकली, आणि मी अंगणात सागाच्या ठोकळ्यांवर चढवलेल्या गाडीखाली पाठीवर पडून अंगठ्याएवढ्या लोखंडाशी झुंजतोय. राग प्लगवर नाही. ज्याने त्याच्या खाचेचे कोन झिजवून तो आधीच गोल करून ठेवला, वरून ग्रीस थापलं आणि माझ्याकडून पैसेही घेतले, त्या माणसावर आहे.

गाडी जुनी, सेकंडहँड. उन्हाळ्यात तालुक्याच्या एका गॅरेजात सर्व्हिसिंग केलं. बिलावर ठळक अक्षरात लिहिलंय: गेअर ऑइल बदलले, 2 लिटर, 1,300 रुपये. दिवाळीनंतर थंडी पडली आणि सकाळी दुसरा गेअर टाकताना खर्रर्र आवाज यायला लागला. तेल बदलून सहा महिने झाले नाहीत, मग हे काऊन? म्हणून स्वतःच खोलून पाहायचं ठरवलं.

गिअरबॉक्सला दोन प्लग असतात. खालचा तेल सोडायचा, बाजूचा भरायचा. भरायचा सुटतो का हे आधी पाहायचं, मगच खालच्याला हात लावायचा. उलटं केलं आणि भरायचा अडला, तर जुनं तेल घमेल्यात आणि गाडी दारातच. म्हणून आधी भरायच्या प्लगपाशी गेलो. त्याला सहा कोनांची खाच असते, त्यात दहाची एलन की बसते. पण खाच दिसेचना, ग्रीस आणि मातीने काठोकाठ भरलेली. सळईने उकरली, डिझेलने धुतली, टॉर्च मारला. एकही कोन शिल्लक नाही! कडेला छिन्नीचे दोन घाव, तेही जुने नाहीत.

म्हणजे त्याने की लावली, ती घसरली. छिन्नी मारली, तरी हलला नाही. मग साहेबांनी भोक बुजवलं आणि बिलात गेअर ऑइल लिहिलं.

अरे, प्लग कोणाच्याही हातून घसरू शकतो. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, पावसाळ्यांमागून पावसाळे ओल धरून दोघं एकमेकांना चावून बसतात. हे मला समजतं. "भाऊ, प्लग अडला, वेल्डिंग मारा लागते, दोन-तीनशे जास्त लागन," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी तिथल्या तिथे दिले असते, वर चहा पाजला असता.

आणि घसरलाही का? खाचेतली माती न काढता की अर्धीच आत घातली आणि तिच्यावर पाइप चढवून ताकद लावली. दोन मिनिटं खाच साफ केली असती, हातोडीने की तळापर्यंत ठोकून बसवली असती, तर तोच प्लग सुटला असता. त्या ठोक्यांनी गंजलेले आटेही जरा मोकळे होतात. पण दोन मिनिटं कोणाला आहेत?

त्याच्याही आधी कोणीतरी तो प्लग जीव खाऊन आवळलाच होता. आमच्याकडे जितका आवळला तितकं काम पक्कं, असा समजच आहे. या प्लगवर गाडीचं वजन नसतं, त्याला फक्त तेल अडवायचं असतं, आणि तेल अडवतो तो वायसर. बऱ्याच छोट्या गाड्यांत 25 ते 45 न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, म्हणजे वीतभर पान्यावर हाताचा साधा जोर. इथे लोक दोन फुटी पाइप लावून लोंबकळतात.

पहिला दिवस रस्ट स्प्रे मारण्यात आणि वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी कवच ब्लोलॅम्पने तापवलं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढ्यात प्लग सैल पडेल अशी आशा. मग टॉर्क्स बिट, म्हणजे चांदणीसारख्या टोकाची की, ठोकून बसवली. तीही फिरली. शेजारचा पोरगा म्हणे, काकाजी, रिव्हर्स लाइटचा स्विच काढून तिथून टाका नं तेल. टाकता येईल रे, पण आत किती गेलं हे कळणार कसं? भरायच्या भोकाच्या काठाला तेल लागलं की पातळी बरोबर, ते भोकच माप आहे.

शेवटी वेल्डिंग. गावातल्या वेल्डरकाकांनी मशीन आणलं, तर होल्टेज नाही. दुपारी तीनपर्यंत बसून राहिलो. मग बॅटरीच्या वायरी काढल्या, मशीनची अर्थिंगची वायर गिअरबॉक्सलाच लावली आणि प्लगवर सतराचा नट ठेवून आतून टाका भरला. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा धरला. थंड होऊ दिला, पाना लावला, आणि कट्ट! सुटला.

भोकात बोट घातलं तर कोरडं. तेल बोटाच्या दोन पेरांहून खाली होतं. खालचा प्लग काढला तर डांबरासारखं काळं तेल, आणि प्लगच्या चुंबकावर लोखंडाच्या चुऱ्याचा जाड लेप. हे तेल कैक वर्षांत बदललेलंच नाही. आतल्या पितळेच्या सिंक्रो रिंगा, गेअर टाकताना वेग जुळवणाऱ्या, घासल्या असतील तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हजारोंचं काम. 1,300 रुपयांची चोरी एकवेळ पचवली असती. पण त्याने मला खुशाल सांगितलं की आत नवं तेल आहे, आणि मी त्या भरवशावर पूर्ण पावसाळा गाडी हाकली. दारव्ह्याकडची शकुंतला रेल्वे कधीच बंद पडली, एसटीचा नेम नाही. रात्री बाबांना काही झालं तर याच गाडीचा आधार आहे.

फोन केला त्याला. म्हणे, "भाऊ, पोरानं केलं असन, मले मालूम नाही. आणा गाडी, पाहून घेऊ."

गाडी नाही आणणार. नवा प्लग आणि वायसर यवतमाळहून एसटीच्या पार्सलने येतोय, तो मी माझ्या हाताने बसवीन. सोमवारी जुना प्लग, त्याच्यावर वेल्ड केलेल्या नटासकट, आणि ते बिल त्याच्या टेबलावर ठेवतो. गिऱ्हाइकांसमोर. 1,300 रुपये हातात पडेपर्यंत तिथून उठणार नाही.