‘90 दिवसांत पिळदार बॉडी’वाल्या मेसेजचं एकेक करून बघू

गेल्या काही दिवसांपासून जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणणं असं की आठवड्यातले 6 दिवस जिम, रोज एकच बॉडी पार्ट अन् त्याचे 20 सेट मारा (न थांबता सलग काही वेळा वजन उचललं की एक सेट, त्यातली एकेक वेळ म्हणजे रेप). दर 15 दिवसांनी वर्कआउट बदला नाहीतर मसलला सवय लागते. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर मेहनत वाया गेली. जड वजनाने साइज, हलक्याने कटिंग. शाकाहारी माणसाची प्रोटीन पावडरशिवाय बॉडी होत नाही. जिम सोडली की मसलची चरबी होते. अन् चाळिशीनंतर वजनाला हात लावू नका. हे सगळं केलं की 90 दिवसांत बॉडी तयार. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं हे वाचून तीन महिन्यांची फी भरतात, जीव तोडून करतात, अन् आरशात मनासारखं काही दिसलं नाही की कायमचं सोडून देतात. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्या 90 दिवसांचं. नवीन माणसाच्या रॉडवरचं वजन पहिल्या दीड-दोन महिन्यांत भराभर वाढतं हे खरंय, पण त्यात मोठा वाटा मेंदू अन् नसांचा असतो, म्हणजे आहे तोच मसल नीट कामाला लावायला शरीर शिकत असतं. मसल त्याच्या मागून हळूहळू येतो. पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा किलो खरा मसल चढला तरी उत्तम समजा, अन् पुढे तो वेग कमीच होत जातो. म्हणून हिशोब दोन-तीन वर्षांचा धरायचा. असा हिशोब धरला की बाकीचे नियम आपोआप गळून पडतात, विशेषतः ते 15 दिवसांवर बदलण्याचं.

कारण बघा, व्यायाम बदलला की शरीर पुन्हा शिकण्याच्या पायरीवर येतं. नवीन हालचाल केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं, विशेष करून वजन सावकाश खाली सोडताना मसल ताणला जातो तेव्हा. तेच व्यायाम करत राहिलात तर काही आठवड्यांत ते दुखणं कमी होतं अन् वाढ मात्र चालूच राहते. म्हणजे मेसेजमधले हे दोन नियम एकमेकांच्या आधारावर उभे आहेत: बदललं की दुखतं, दुखलं की वाटतं काम होतंय, काम होतंय वाटलं की पुन्हा बदलायचं. अन् वर्षभरानंतर त्या पोराला विचारा की भो तुझं स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन उठबस) किती किलोचं होतं अन् आता किती, तर त्याला सांगता येत नाही, कारण मोजायला काही सलग केलेलंच नसतं.

मसल वाढतो तो हळूहळू वाढवत नेलेल्या ताणाने. अमेरिकन लष्करातला डॉक्टर थॉमस डीलॉर्म दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर नेमकं हेच करत होता, ताकद येईल तसं वजन वाढवत न्यायचं, अन् 1945 साली त्याने ते छापूनही आणलं. त्यासाठी लागते एक वही. आमच्या जिममधल्या एका पोराच्या वहीत बेंच प्रेसचं (बाकावर झोपून रॉड वर ढकलायचा) पान असं आहे: 40 किलो, 8-8-7, म्हणजे तीन सेटमधले रेप्स. पुढच्या वेळी 9-8-8. मग 10-9-8. तिन्ही सेटमध्ये 12-12-12 झाल्याशिवाय तो प्लेट लावत नाही. अन् यामागे एक साधी अडचण आहे, आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते, दोन्ही बाजूंना लावली की एकदम 5 किलो वाढतात, शोल्डर प्रेसला (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं) तर ही उडी फारच मोठी. मग पोरं कंबर वाकवून, झटका देऊन वजन वर ढकलतात. त्यापेक्षा आधी रेप्स वाढवा, मग वजन. जमलं तर सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतःच्या घेऊन बॅगेत ठेवा, फार खर्च नाही.

6 दिवस अन् 20 सेटचं काय? एका मसलला आठवड्यात साधारण 10 ते 20 चांगले सेट पुरतात, नवीन माणसाला 10 च्या आत-बाहेर सुद्धा. ते एकाच दिवशी मारले तर बाराव्या-तेराव्या सेटनंतर नुसती हजेरी लागते, त्याच्यात जीव उरलेला नसतो. तेच दोन-तीन दिवसांत वाटले की प्रत्येक सेट ताजा होतो. शिवाय आपलं जगणं बघा ना, भुसावळला रेल्वेत शिफ्ट ड्युटी, इकडे रावेर-यावलला केळीची कटाई, मग लग्नसराई. सोमवारची छाती चुकली की एकदम पुढचा सोमवार, म्हणजे मध्ये दोन आठवडे गेले. आठवड्यातून 3 दिवस पूर्ण शरीर करा: स्क्वॉट, बेंच, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) एका दिवशी, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), शोल्डर प्रेस, पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं) दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं, शेवटी हाताचे एक-दोन सेट. जड सेटमध्ये 2-3 मिनिटं आराम घ्या, अन् अजून एक-दोन रेप निघतील असं वाटलं की थांबा. तासाभरात मोकळे होता. एखादा दिवस हुकला तरी काही कोसळत नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत पत्र्याखालच्या जिममध्ये दुपारी मरत बसायचीही गरज नाही, सकाळी लवकर जा, सेट थोडे कमी करा.

जड म्हणजे साइज अन् हलकं म्हणजे कटिंग, हे तर साफ चूक. सेट थकव्याच्या जवळ नेला तर 5 रेप्सपासून 30 रेप्सपर्यंत मसल जवळपास सारखाच वाढतो असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. 6 ते 15 सोयीचे एवढंच. कटिंग म्हणजे चरबी कमी होणं, अन् ते ताटावर ठरतं.

आता शाकाहार, यावर मला राग येतो कारण इथेच गरिबाच्या पोराला हजारोंचा डबा विकला जातो. व्यायाम करणाऱ्याला अंगाच्या दर किलो वजनामागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरतं, त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही. म्हणजे 60 किलोच्या पोराला 96 ग्रॅम. अर्धा लिटर दूध धरा 16, 50 ग्रॅम सोयाबीन वड्या 26, दिवसभरात 100 ग्रॅम डाळ नाहीतर हरभरा 20-22, मूठ-दीड मूठ शेंगदाणे 10, अन् भाकऱ्यांचं 200-250 ग्रॅम पीठ आणखी 20 च्या वर. झालं की! अन् आपली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी बघा, ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक घटक) कमी असतं ते उडदातून मिळतं, उडदात जे कमी ते ज्वारीतून. पावडर वाईट नाही, बहुतेक दुधापासूनच बनते, परवडत असेल अन् जेवणातून भरत नसेल तर घ्या. पण ती लागतेच असं सांगू नका कोणाला. पोटभर जेवण अन् रात्रीची झोप मात्र लागतेच.

मसलची चरबी होत नाही. दोन्ही वेगळे पेशीसमूह आहेत. जिम सुटते, खाणं तेवढंच राहतं, म्हणून पोट सुटतं. अडचणीच्या काळात आठवड्यातून एकच दिवस गेलात अन् रॉडवरचं वजन कमी केलं नाही, तर तरुण माणसाचा बराचसा मसल टिकतो, अन् गेलेला परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

राहिलं चाळिशीचं. 1990 साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या 10 जणांवर अभ्यास झाला, वयं 86 ते 96. 8 आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम, अन् ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा मसलही वाढला. वयाप्रमाणे मसल झिजत जातो, तो थोपवायला वजनाइतकं कामाचं दुसरं काही नाही. म्हणून हा मेसेज वाचून घरातल्या आप्पांना, आईला घाबरवू नका. बीपी, शुगर, गुडघा दाखवून घ्या, डॉक्टर हो म्हणाले की खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, 8-10 वेळा, दोन-तीन सेट, दिवसाआड. ते सोपं वाटायला लागलं की हातात पाण्याची एकेक लिटरची भरलेली बाटली द्या, अन् वहीत त्यांचंही एक पान करा.