खालचा मजला

माळ्यावरून पाहुण्यांच्या गाद्या काढताना उजव्या फऱ्याच्या (खांद्याच्या पात्याच्या) आतल्या कडेला अशी कळ निघाली की हातातली गादी सुटली, ती थेट खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या अहोंच्या डोक्यावर. अहोंना काही झालं नाही. मला मात्र मान वळवता येईना.

"उसण भरली," सासूबाईंनी पलंगावरूनच निदान केलं. "पायाळूची लाथ बसल्याबिगर जायची न्हाई ती."

आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत पायाळू एकच, शेजारचा आठवीतला पोरगा. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले, एवढ्या एका पराक्रमावर त्याला गल्लीभर मान आहे. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागून गंभीर आवाज आला, "काकू, जोरात मारू का हळू?" मला हसू फुटलं. आणि हसता हसता ते झालं, जे मी तीन वर्षं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. "दूध उतू चाललंय" म्हणत मी पळाले ती बाथरूममध्ये. (दूध बाथरूममध्ये कशाला ठेवलंस, असं सासूबाईंनी नंतर विचारलं.)

शिंकताना दोन थेंब गळाले तर एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी हळदीच्या घरात राहते. अहो मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात हिशेब लिहितात. नवी हळद यायला लागली की त्यांच्या सदऱ्यातून निम्मा यार्ड घरी येतो. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा यांनी पेढे वाटले. मला ते मानांकन रोज संध्याकाळी मिळतं, पाच-सहा शिंकांच्या रूपात. त्यात गावाला भडंगाचा नाद. ठसका लागला की पायावर पाय टाकायचा, ओठ मिटायचे आणि काही झालं तरी आयर्विन पुलाखालची कृष्णा आठवायची नाही.

लाथेनं काही फरक पडेना, म्हणून मिरजेला फिजिओथेरपीला गेले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं प्लास्टिकचा सांगाडा पुढे ओढला. फरा म्हणजे तिकोनी, चपटं हाड. त्याला 17 स्नायू चिकटलेले, आणि धडाच्या हाडांशी त्याची गाठ फक्त गळ्याच्या हाडामार्फत. एरवी ते बरगड्यांवर नुसतं सरकतं. हात पूर्ण वर नेला की 180 अंशांतले साधारण 60 या फऱ्याच्या फिरण्यातून येतात. गाद्या मी हातानं काढते, असा इतकी वर्षं माझा समज होता.

"मानेतून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याला येतो ना काकू, तो लेव्हेटर स्कॅप्युली. फरा उचलणारा. त्याचा दगड झालाय. खांदे कायम कानाशी नेऊन बसता तुम्ही."

मग तिनं सहज विचारलं, "खोकताना, शिंकताना लघवी सुटते का?"

मी सांगाड्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता.

या जागेला आमच्याकडे धड नावच नाही. 'तिथलं' म्हणतात, तेही पदर तोंडाला लावून. ती म्हणाली, पेल्व्हिक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाचा खालचा मजला. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी बांधलेली. मूत्राशय, गर्भाशय, सगळा संसार तिच्यावर. शिंकेसरशी पोटातला दाब खाली येतो, त्या क्षणी झोळीनं आवळून धरायचं. बाळंतपणात ती ताणते, पाळी जाताना आणखी सैल पडते, वर वर्षानुवर्षं कुंथणं. पुरुषांनाही असते (हे ऐकल्यावर अहो पेपरात तोंड घालून बसले). आणि तिच्या मुख्य स्नायूचं नाव? लेव्हेटर अ‍ॅनाय. हाही उचलणाराच! म्हणजे एका अंगात दोन हमाल. वरचा राबून राबून मोडलेला, खालचा दुसऱ्या बाळंतपणाला रजेवर गेला तो गेलाच. यार्डात असलं एक दिवस चाललं नसतं.

काहींची झोळी उलट ताठरलेली असते, त्यांनी हा व्यायाम करायचा नाही, म्हणून तिनं आधी तपासलं. मग केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 साली मांडलेली कसरत सांगितली. "चारचौघांत वारा सरायला लागला तर आवरता ना, तसं आत आणि वर ओढा. श्वास रोखू नका. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने."

मी डोळे मिटले आणि होती नव्हती ती ताकद लावली.

"काकू, खांदे."

बघते तर दोन्ही खांदे कानाला. खालचा मजला उचलायला सांगितला होता, मी गच्ची उचलली होती.

उसण चार दिवसांत गेली. सासूबाईंनी ती लाथेच्या खात्यात जमा केली. खालच्या मजल्याचा दुसरा महिना चालू आहे. दूध तापताना करते, बसची वाट बघताना करते, आरतीतही करते. बाप्पाला चालत असावं.

परवा आमच्याकडे भिशी होती. भडंगात तिखट अंमळ जास्त पडलं. एकीला ठसका लागला, तिचं बघून दुसरीला, आणि मी बघितलं तर अकराच्या अकरा जणींनी पायावर पाय टाकले होते. कुणी काही बोललं नाही. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं, वाऱ्याच्या उदाहरणासकट, तपासून घ्यायच्या अटीसकट. पण बायकांना दम कुठला! "आत्ताच दाखव."

"बरं. श्वास सोडा. एक, दोन, तीन, ओढा."

अकरा जणींचे बावीस खांदे एकदम कानाला टेकले.