‘दोष गाडीत आहे, चालवण्यात नाही’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही आकडे देऊन लिहिलंत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. तुमची तक्रार थोडक्यात अशी: तीन लिटर टर्बो इंजिनाची नवी स्पोर्ट्स कार, आतापर्यंत 1,400 किमी चाललेली. कंपनीचा आकडा लिटरमागे 11.5 किमी, प्रत्यक्षात मिळतात 7.2. रोजची वाट एका बाजूने नऊ किमी आणि तिच्यावर बारा सिग्नल. ॲव्हरेजवरच्या माझ्या लेखात चालवण्याच्या पद्धतीवर बोट ठेवून मी कंपनीला पाठीशी घातलं असं तुमचं म्हणणं, आणि हळूच चालवायचं तर अशी गाडी घ्यायची कशाला, असंही तुम्ही विचारलंत.

तुमचे दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. 1,400 किमीला इंजिन अजून रुळत असतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसेपर्यंत घर्षण थोडं जास्त राहतं. दुसरा मुद्दा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून 10 टक्के मिश्रणात ॲव्हरेज तीन टक्क्यांच्या आसपास आणि 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्के घटतं. हे दोन्ही लेखात यायला हवं होतं. पण 11.5 वरून 7.2 म्हणजे 37 टक्क्यांची घट, आणि ती एवढ्याने भरून निघत नाही.

कंपनीचा आकडा डब्ल्यूएलटीपी या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित इंधन-चाचणीतला आहे. ही चाचणी 30 मिनिटांची, अंतर 23 किमीहून किंचित जास्त, सरासरी वेग ताशी 46.5 किमी. सुरुवात थंड इंजिनानेच होते, पण थंडपणाचा तो भुर्दंड 23 किमीवर वाटला जातो. तुमच्याकडे तोच भुर्दंड नऊ किमीवर पडतो. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं नाही. ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तोवर तुम्ही पोहोचलेले असता. म्हणजे तुमची गाडी पूर्ण तापलेल्या अवस्थेत जवळजवळ धावतच नाही.

आता सिग्नल. इथे हिशेब मांडतो, कारण माझा सगळा मुद्दा यावरच उभा आहे. तुमच्यासकट गाडीचं वजन 1,600 किलो धरू. ताशी 60 किमीला तिच्यात सुमारे 220 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा, आणि त्यातली चाकांपर्यंत पोहोचते ती पाव, म्हणजे आठ. तेव्हा शून्यावरून 60 गाठायला अंदाजे 28 मिली पेट्रोल फक्त वेग घेण्यात जातं, आणि सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळं डिस्क तापवण्यात संपतं. अशा बारा वेळा म्हणजे 335 मिली. 7.2 च्या हिशेबाने तुमच्या नऊ किमीला 1.25 लिटर लागतं, म्हणजे त्यातला चौथा हिस्सा निव्वळ ब्रेकमध्ये.

आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दोन सिग्नलांच्या मध्ये 60 ऐवजी 40 पर्यंतच गेलात तर दर वेळी 28 ऐवजी साधारण 12 मिली जातात. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना 60 गाठून वेळही वाचत नाही. एवढ्या एका बदलाने नऊ किमीमागे 190 मिलीच्या आसपास वाचतील आणि ॲव्हरेज साडेआठकडे सरकेल. सिग्नलला मिळून आठ मिनिटं उभे राहत असाल, तर तासाला एक लिटर या दराने आणखी 130 मिली तिथे जळतात. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद करून ठेवलं असेल तर चालू करा.

म्हणून ‘हळू चालवा’ हा माझा सल्ला नाहीच. पिकअप जोरात घेतल्याने फारसं बिघडत नाही. उलट मोठं इंजिन ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून चालवलं की अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (हवा आत सोडणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यातच त्याची ताकद जाते. निम्म्याहून थोडा जास्त ॲक्सिलरेटर द्या, 2,000 ते 2,500 आरपीएमला वरचा गिअर टाका आणि हव्या त्या वेगाला पोहोचलात की पाय सैल करा. महागात पडतो तो पूर्ण दाबलेला पेडल. एरवी 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल असं मिश्रण असतं. पूर्ण थ्रॉटलला ताकदीसाठी, आणि टर्बो व धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापू नयेत म्हणून, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जादा पेट्रोल सोडू शकतो. ते पूर्ण न जळताच बाहेर जातं.

स्पोर्ट मोड गिअर खालचा धरून ठेवतो, तेव्हा तो रिकाम्या वळणदार रस्त्यासाठी ठेवा, सिग्नलच्या रांगेसाठी नको. लाल दिवा दिसला की न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये राहून पाय काढलात तर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर पूर्ण बंद होतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं पेट्रोल जळत राहतं.

हायवेवर शत्रू वेगळा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 100 वरून 140 ला गेलात की जवळपास दुप्पट. छप्पर उघडणारी गाडी असेल तर ते उघडं ठेवल्याने तो आणखी वाढतो.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते, आणि रुंद, मऊ रबराच्या टायरला हवा कमी असणं लगेच जाणवतं. पेट्रोल इंधनाच्या झाकणावर लिहिलेल्या ऑक्टेनचंच भरा. कमी ऑक्टेनला इंजिनात ठोके पडू लागतात, ते नॉक सेन्सर ओळखतो, मग ईसीयू स्पार्क उशिरा करतो आणि ॲव्हरेज पडतं. एअर फिल्टर बदलण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाय, पण आजच्या पेट्रोल इंजिनात मळका फिल्टर ताकद खातो, ॲव्हरेज फारसं नाही. इतक्या नव्या गाडीत तर तो प्रश्नच नाही.

7.2 हा आकडा डॅशबोर्डवरचा आहे की मोजलेला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. टाकी फुल ते टाकी फुल मोजा: तोच पंप, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं, सलग तीन टाक्या. दोन टाक्या नेहमीसारख्या चालवा, तिसरीला वर लिहिलेलं करून पाहा.

तिसऱ्या टाकीलाही आकडा हलला नाही, तर दोष गाडीत असू शकतो हे मी मान्य करेन. तेव्हा सर्व्हिस सेंटरला नुसतं ‘ॲव्हरेज कमी आहे’ सांगू नका, तीन गोष्टी मागा. इंजिन तापल्यावरचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर राखायला ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा): शून्याच्या आसपास पाच टक्क्यांपर्यंत ठीक, दहाच्या पुढे असेल तर कारण शोधायलाच हवं. कूलंटचं तापमान: सपाट रस्त्यावर बराच वेळ चालूनही ते खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान राखणारी झडप) उघडा अडकलाय. आणि ब्रेक जवळजवळ न वापरता काही किलोमीटर चालवून चारही चाकांचं तापमान: एखादं इतरांपेक्षा बरंच गरम निघालं तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) सुटत नाहीये.