पुसून टाकायची सक्ती नको

'आधीचं प्रेम मनातून पूर्ण पुसल्याशिवाय नवं नातं सुरू करू नका' हा एका लेखात वाचलेला सल्ला मला पटला नाही. पुसलं जातच नाही हो! ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. प्रेमाचंही तसंच होत असावं. शिवाय आठवणीतला माणूस कधी थकत नाही, चिडत नाही. घरातला मात्र रोज दमून येतो. त्याची तुलना करणं हा त्याच्यावर अन्यायच.

माझं सांगते. नवऱ्याने फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण आधीच्याने नातं तोडलं ते असंच, फोन न उचलता. मी का रडते ते नवऱ्याला बिचाऱ्याला कळेचना. शेवटी एका रात्री सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मीटिंगला जाताना मेसेज टाकत जाईन." नऊ वर्षं झाली, अजून टाकतो. आठवण आजही येते अधूनमधून, पण फोन वाजून थांबला तर आता धडधडत नाही.