जॉन नॅशच्या नावाने फिरणारी गोष्ट आणि खरा जॉन नॅश

अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅशवरचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी डोकं वर काढतो. थोडक्यात तो असा: एका वेड्या गणितज्ञाला बारमध्ये मुलींकडे बघताना सिद्धांत सुचला, त्याने अ‍ॅडम स्मिथला खोटं पाडलं, पेंटॅगॉनसाठी गुप्त संकेत फोडले, त्याला नसलेली माणसं दिसायची, पण वेडातूनच प्रतिभा जन्मते, पुढे इच्छाशक्तीच्या जोरावर तो बरा झाला, त्याला गणिताचं नोबेल मिळालं आणि आयुष्यभर साथ न सोडणाऱ्या बायकोला त्याने ते भर सभेत अर्पण केलं. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

यातलं बरंचसं 2001 च्या ‘अ ब्युटिफुल माइंड’ या चित्रपटातून आलेलं आहे. चित्रपटाने स्वातंत्र्य घेतलं ते त्याचं कामच होतं. तक्रार आहे ती पटकथेलाच चरित्र समजून पुढे ढकलणाऱ्यांबद्दल.

नोबेलचं आधी उरकून टाकू. गणितासाठी नोबेल नसतंच. नॅशला 1994 मध्ये मिळाला तो अर्थशास्त्राचा पुरस्कार, खेळ सिद्धांतातल्या कामासाठी. (आपला फायदा इतरांच्या डावावरही अवलंबून असतो, तेव्हा कोण काय करेल याचा अभ्यास म्हणजे खेळ सिद्धांत.) स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने तो 1968 मध्ये नोबेलच्या स्मरणार्थ सुरू केला. शिवाय तो एकट्याला नव्हता, जॉन हर्सानी आणि राइनहार्ट सेल्टन हे दोघे बरोबरीचे मानकरी होते. प्रतिस्पर्ध्याबद्दल पुरेशी माहिती नसताना काय करायचं, हे हर्सानीने मांडलं. पोकळ धमक्यांवर उभे असलेले समतोल, म्हणजे जिथून एकट्याने हलण्यात कुणाचाच फायदा नाही अशा स्थिती, कसे वगळायचे, हे सेल्टनने. नॅशने टाकलेला पाया वापरण्याजोगा झाला तो या दोघांमुळे. फॉरवर्डमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला एक ओळही येत नाही.

आता बारचा प्रसंग. चार मित्र बारमध्ये बसलेत, मुलींचा एक घोळका आत येतो, त्यातली एक सर्वांत देखणी. सगळेच तिच्यामागे लागले तर एकमेकांच्या आड येणार आणि नंतर तिच्या मैत्रिणीही रुसणार. म्हणून तिच्याकडे कुणीच जायचं नाही, प्रत्येकाने एकेका मैत्रिणीशी बोलायचं, सगळ्यांचंच भलं. फॉरवर्ड म्हणतो, हाच तो नॅशचा समतोल!

हा नॅशचा समतोल नाहीच. नॅशची व्याख्या साधी आहे: बाकीचे जे करताहेत ते तसंच राहिलं, तर एकट्याने आपला डाव बदलून कुणाचाही फायदा होऊ नये. ही कसोटी इथे लावून बघा. तिघे ठरल्याप्रमाणे मैत्रिणींकडे गेले. चौथ्याने काय करावं? देखणी मुलगी एकटीच उभी आहे, आड येणारं कुणी नाही. तो सरळ तिच्याकडे जाईल आणि त्याचा फायदाच होईल. म्हणजे ठरलेला बेत तिथल्या तिथे मोडतो. प्रत्येकाने एकच ठरावीक डाव टाकायचा तर खरे समतोल ज्यात एकजण तिच्याकडे जातो आणि तिघे इतरत्र, असे आहेत, आणि तो ‘एकजण’ चौघांपैकी कुणीही असू शकत असल्याने ते चार आहेत. त्यांपैकी नेमका कोणता घडेल, हे व्याख्या सांगत नाही. (मुलींना काय हवंय हे या अख्ख्या प्रसंगात कुणी विचारतच नाही. खरं तर त्याही खेळाडूच.)

याच प्रसंगाच्या शेपटीला ‘अ‍ॅडम स्मिथ खोटा पडला’ हे वाक्य चिकटलेलं असतं. ज्याने त्याने स्वतःचं हित पाहिलं की सगळ्यांचंच भलं होतं, हा विचार अर्थशास्त्रज्ञ स्मिथच्या नावावर सांगितला जातो. पण 1776 सालच्या या स्मिथला पाडायला नॅश निघालाच नव्हता. त्याचा 1950 चा प्रिन्स्टनचा पीएच.डी.चा प्रबंध तीस पानांच्याही आतला आहे. संदर्भ म्हणून दोनच नोंदी: एक गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गनस्टर्न यांचा खेळ सिद्धांतावरचा 1944 चा ग्रंथ, दुसरी नॅशची स्वतःचीच टिपणी. उदाहरण घेतलंय ते तिघांच्या पोकरचं. प्रत्येकाने स्वतःपुरतं शहाणपण केलं तरी सगळे मिळून खड्ड्यात जाऊ शकतात, हे दाखवणारं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कैद्यांचा पेच: वेगवेगळं ठेवलेल्या दोन कैद्यांपैकी प्रत्येकाला, दुसऱ्याने काहीही केलं तरी, कबुली देणंच फायद्याचं; पण दोघांनीही कबुली दिली तर दोघेही गप्प राहिले असते त्यापेक्षा दोघांना जास्त शिक्षा. तो खेळ रँड या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी 1950 मध्ये रचला. त्याला कैद्यांची गोष्ट चिकटवली ती अल्बर्ट टकरने, म्हणजे नॅशच्याच मार्गदर्शकाने. आणि नॅशचा समतोल ‘स्वतःचं भलं आणि गटाचंही भलं’ असं काहीच वचन देत नाही. कैद्यांच्या पेचात तर तो नेमका दोघांनाही नको असलेल्या जागी नेऊन बसवतो.

मग त्याने केलं तरी काय? समतोलाची कल्पना अगदीच कोरी नव्हती. फ्रेंच गणिती कूर्नोने 1838 मध्येच नैसर्गिक झऱ्याचं पाणी विकणारे दोन मालक घेऊन, दुसरा किती विकतोय ते पाहून प्रत्येकजण आपलं उत्पादन कसं ठरवेल, हे मांडलं होतं. फॉन नॉयमनचं 1928 चं प्रमेय होतं, पण ते दोघांच्या खेळाचं, ज्यात एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा. नॅशने सिद्ध केलं की खेळाडू कितीही असोत आणि हितसंबंध कसेही गुंतलेले असोत, खेळाडू आणि डाव मोजके असले की निदान एक समतोल असतोच. अट एवढीच, की डावांची सरमिसळ करायची मुभा हवी. दगड-कागद-कात्री घ्या. सतत दगडच टाकला तर समोरचा कागद टाकून जिंकणार. ठरावीक डावात समतोल सापडतच नाही. तिन्ही डाव कसलाही क्रम न ठेवता सारख्या प्रमाणात टाकले, तर मात्र समोरच्याला पकडायला काहीच उरत नाही, आणि त्यानेही तेच केलं की समतोल साधला. असं काहीतरी प्रत्येक खेळात असणारच, हे नॅशने जेमतेम पानभराच्या टिपणात दाखवलं. फॉन नॉयमनने ते ऐकून ‘हे तर क्षुल्लक, स्थिरबिंदूचंच प्रमेय’ (म्हणजे गणितात आधीच माहीत असलेलं एक प्रमेय) असं म्हणून झटकलं, असं सांगतात. सिद्धतेपुरता तो बरोबरच होता. पण कुठला प्रश्न विचारावा हे नॅशला कळलं होतं, आणि पुढची बरीच अर्थशास्त्रीय मांडणी त्या प्रश्नावर उभी राहिली.

आता ज्या वाक्यासाठी हा मजकूर एवढा फिरतो ते: ‘वेडातूनच प्रतिभा जन्मते’. इथे नुसत्या तारखा ओळीने लावल्या तरी काम भागतं. जन्म 1928, वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड गावी. सौदेबाजीवरचा निबंध आणि समतोलाचं टिपण 1950 चे, तेव्हा तो बाविशीच्या आत-बाहेर होता. सौदेबाजीच्या कल्पनेचं मूळ तर पिट्सबर्गला पदवीसाठी शिकताना घेतलेल्या आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राच्या एका जादा विषयात होतं. वक्र अवकाश सपाट अवकाशात अंतरं न बिघडवता कसे बसवता येतील, यावरची प्रमेयं 1954 आणि 1956 ची. आंशिक विकलक समीकरणांवरचं (एकाच वेळी अनेक गोष्टींनुसार होणारे बदल मांडणाऱ्या समीकरणांवरचं) मोठं काम 1958 चं. छिन्नमनस्कतेचा (स्किझोफ्रेनियाचा) आजार उघडा पडला 1959 च्या सुरुवातीला, तिशीत. म्हणजे ज्या कामासाठी जग त्याला ओळखतं ते सगळं आजाराच्या आधी झालेलं होतं.

आणि आजार आल्यावर गणिताचं काय झालं? 1959 च्या फेब्रुवारीत कोलंबिया विद्यापीठात त्याने रीमानच्या अनुमानावर, म्हणजे मूळ संख्यांशी निगडित एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नावर, व्याख्यान दिलं. समोर जाणकार गणितज्ञ बसलेले, आणि बोलण्याचा धागा कुणालाच लागेना. शिकागो विद्यापीठाने देऊ केलेलं पद त्याने नाकारलं, कारण काय तर तो अंटार्क्टिकाचा सम्राट होणार होता. साठच्या दशकात त्याचे काही निबंध आले, ते भ्रम ओसरलेल्या मधल्या काळातले. नोबेलसाठी लिहिलेल्या आत्मवृत्तात तो स्वतःच सुमारे 25 वर्षांच्या अंशतः भ्रमिष्ट विचारांच्या खंडाबद्दल लिहितो. खंड हा त्याचाच हिशेब. या 25 वर्षांना प्रतिभेचं खत म्हणायला त्या माणसाच्या नुकसानाकडे पाठच फिरवावी लागते.

इथे समोरून एक बाण हमखास येतो. 1959 मध्ये मॅक्लीन मनोरुग्णालयात हार्वर्डचे गणितज्ञ जॉर्ज मॅकी त्याला भेटायला गेले. तर्काचा माणूस असून परग्रहवासी तुला निरोप पाठवतात यावर तू विश्वास कसा ठेवलास, असं त्यांनी विचारलं. नॅशचं उत्तर साधारण असं होतं, की ते विचार गणिताच्या कल्पना याव्यात तसेच मनात आले, म्हणून मी ते गांभीर्याने घेतले. उत्तर विलक्षण आहे, पण ते काय सांगतं? दोन्ही विचार त्याला आतून सारखे वाटत होते, एवढंच. गणितातल्या कल्पनेला सिद्धतेच्या चाळणीतून जावं लागतं. आजारात हरवली ती चाळणी.

‘नसलेली माणसं दिसायची’ हेही पडद्यावरचंच. त्याला भास झाले ते आवाजांचे, तेही आजार सुरू होऊन काही वर्षं गेल्यावर. आधी होते ते भ्रम: वर्तमानपत्रात आपल्यासाठी गुप्त निरोप आहेत, लाल टाय लावलेली माणसं कटात सामील आहेत. चित्रपटातल्यासारखा काल्पनिक खोलीसोबती वगैरे कुणी नव्हता. पेंटॅगॉनसाठी संकेत फोडणंही काल्पनिक. खरी हकिकत याहून सरस आहे, फक्त ती कुणी फॉरवर्ड करत नाही. 1955 मध्ये नॅशने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला पत्रं पाठवून एक सांकेतिक यंत्र सुचवलं होतं. संदेशाची सुरक्षितता तो फोडायला लागणाऱ्या गणनेच्या अवघडपणावर ठरवावी, किल्लीची लांबी वाढेल तशी ही गणना घातांकी, म्हणजे पटीपटीने वाढत जाणाऱ्या, वेगाने वाढावी, हा विचार त्यात आहे. आधुनिक संकेतशास्त्राचा बराच डोलारा या विचारावर उभा आहे. संस्थेने त्याची पद्धत स्वीकारली नाही, आणि ती पत्रं खुली झाली 2012 मध्ये.

बरं होण्याच्या दोन आवृत्त्या फिरतात: एकीत इच्छाशक्ती, दुसरीत नवी औषधं. औषधांचं वाक्य चित्रपटातलं आहे आणि ते खरं नाही. 1970 नंतर नॅशने औषधं घेतली नाहीत. रुग्णांनी बघून औषधं सोडू नयेत या काळजीने पटकथालेखकाने ते वाक्य घातलं असावं, असं नॅशनेच नंतर म्हटलं. पण म्हणून इच्छाशक्तीवालं खरं ठरत नाही. त्याआधी अनेकदा रुग्णालयात भरती, ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात इन्शुलिन देऊन बेशुद्ध करण्याचे उपचार, औषधं, सगळं झालं होतं. पुढची सुधारणा अतिशय सावकाश, वर्षानुवर्षं चालली. प्रिन्स्टनच्या आवारात तो फिरायचा, फळ्यांवर गूढ मजकूर लिहून जायचा, आणि तिथल्या लोकांनी त्याला हाकललं नाही. डोक्यावर छप्पर होतं, ग्रंथालय होतं, संगणक होता. भ्रमातले विचार आपण हळूहळू बुद्धीने नाकारू लागलो, असं तो लिहितो, आणि ते त्याच्यापुरतं खरं असेल. त्याच्याच धाकट्या मुलाला तोच आजार झाला, तोही गणितात पीएच.डी. होता, आणि त्याला तो मार्ग सापडला नाही. घरात कुणाला छिन्नमनस्कता असेल आणि हा फॉरवर्ड वाचून गोळ्या बंद करायचा विचार डोकावला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

उरली अ‍ॅलिशिया. ती एल साल्व्हादोरमध्ये जन्मलेली, एमआयटीतून भौतिकशास्त्र शिकलेली. 1957 मध्ये लग्न झालं, 1963 मध्ये घटस्फोट. ‘कधीच साथ सोडली नाही’ म्हणणाऱ्यांना हा घटस्फोट अडचणीचा वाटतो, म्हणून तो गाळला जातो. मला तर तो गाळल्याने तिचं मोठेपण कमी होतं असं वाटतं. 1970 मध्ये तिने त्याला पुन्हा आपल्या घरात जागा दिली, तेव्हा ती त्याची बायको नव्हती, तिच्यावर कसलंही बंधन नव्हतं. नोकरी करून घर तिने चालवलं, आजारी मुलालाही सांभाळलं. दोघांनी पुन्हा लग्न केलं ते 2001 मध्ये. चित्रपटात नोबेल स्वीकारताना स्टॉकहोममध्ये दाखवलेलं प्रेमाच्या समीकरणांचं भाषण झालंच नाही. नॅशने तिथे नेहमीचं नोबेल व्याख्यान दिलं नाही, त्याऐवजी त्याच्या कामावर चर्चासत्र झालं. चित्रपटात दिसणारी, प्राध्यापकांनी टेबलावर एकेक पेन ठेवून मान देण्याची प्रथाही प्रिन्स्टनमध्ये नाही.

गणितज्ञांना विचाराल तर त्यांच्या लेखी नॅशचं मोठं काम समतोलाचं नव्हेच. त्या दुसऱ्या कामासाठी, विकलक समीकरणांसाठी, 2015 मध्ये त्याला गणितज्ञ लुई नीरेनबर्गबरोबर आबेल पुरस्कार, म्हणजे गणितातला एक सर्वोच्च मान, मिळाला. तो घेऊन ऑस्लोहून परतताना, 23 मे रोजी, न्यू जर्सीत टॅक्सीच्या अपघातात तो आणि अ‍ॅलिशिया दोघेही गेले. तो 86 वर्षांचा होता, ती 82. आबेलचा उल्लेख असलेला फॉरवर्ड मला तरी अजून आलेला नाही.